विचारलंस तर थांब

तिला बटण हे नाव आजोबांनी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की शाळेत हजेरी घेताना बाईंनी खरं नाव पुकारलं तर ती क्षणभर गप्पच बसायची. आजोबांचं बॅगा, छत्र्या आणि चेनी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायला. दोन इमारतींच्या मधे उरलेल्या जागेला कुणीतरी दार लावलं होतं, एवढंच. आत एक फळी, फळीमागे आजोबांचं स्टूल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या पकडी आणि जुन्या डब्यांमधून चेनीचे रनर, म्हणजे चेन लावताना आपण ओढतो ते धातूचे तुकडे, आकाराप्रमाणे निवडून ठेवलेले. ही पोर रांगायला लागली तशी त्या डब्यांत हात घालायला लागली. एकदा तिने एक बटण गिळलं. बटण यथावकाश बाहेर पडलं, नाव मात्र राहिलं.

सोळाव्या वर्षी तिने दुकानातून व्हिडिओ करायला सुरुवात केली, तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. तिचे बाबा बस चालवायचे. ते म्हणाले, "फाटक्या बॅगा बघायला लोकांचा काय वेळ जात नाही?" आई म्हणाली, "अभ्यास सांभाळून काय ते कर." आजोबांनी एवढंच विचारलं की यात आपल्याला काही करावं लागणार आहे का. बटण म्हणाली, काही नाही, तुम्ही तुमचं काम करा. पोरीने दिलेला हा पहिला शब्द, आणि तो तिने महिनाभरही पाळला नाही.

लोक बघायला लागले ते बॅगांसाठी नव्हेच. "मित्रांनो" म्हणून सुरुवात करणारी पोरं पुष्कळ होती. बटण तसलं काही म्हणायची नाही. ती फळीच्या कडेला हनुवटी टेकायची आणि म्हणायची, "ऐक ना, आज काय झालं सांगू तुला?" तू. एकच माणूस समोर बसलंय असं. गणिताचा पेपर कोरा दिला ते सांगायची, मैत्रिणीशी अबोला धरला ते सांगायची, बोलता बोलता अडखळली तर ते कापून टाकायची नाही. दाभण बोटात घुसलं आणि ती ओरडली, तेही तिने तसंच ठेवलं. बघणाऱ्याला वाटायचं, ही माझ्यापासून काही लपवत नाही.

आता यातलं किती आपसूक आणि किती शिकलेलं? इतर पोरांचे व्हिडिओ बघून तीही शिकली होतीच. कुठे हसलं की माणूस थांबतो, कुठे गप्प बसलं की जवळ येतो, हे तिला कळायला लागलं होतं. शिकलेली माया आणि खरी माया यांच्यातली रेघ कुठे असते ते मोठ्यामोठ्यांना दाखवता येत नाही, या पोरीला एकटीला का धारेवर धरायचं?

आजोबा व्हिडिओत आले ते अपघाताने. एका व्हिडिओच्या शेवटी तिने फोन त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, "आजोबा, निरोप घ्या." निरोप कुणाचा घ्यायचा ते त्यांना कळेना. मग दुकानातून निघणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचे तेच ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "जेवलात का? नसाल तर उठा."

झालं! पुढच्या व्हिडिओपासून लोक शेवटाचीच वाट बघायला लागले. कुणी शाळेतून, कुणी कामावरून, कुणी दवाखान्यातून खाली लिहायचे, "जेवलो आजोबा." बटण हरखून गेली. आजोबा मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मग, काय म्हणाले?"

"कोण?"

"ज्यांना विचारलं ते."

"अहो आजोबा, ते नुसतं म्हणायचं असतं."

आजोबांनी हातातली पकड खाली ठेवली. "विचारलंस तर थांब जरा. उत्तर ऐकायचं नसेल तर विचारावं कशाला?"

तेव्हापासून शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि कमेंट वाचून दाखवायची. आजोबा हातातलं काम न सोडता उत्तरं सांगायचे आणि ती शब्दाला शब्द टाइप करायची. सुरुवातीला लिहायची, "आजोबा म्हणतात." उत्तरं काही फार गोड नसायची. नापास झालेल्या एका मुलाला त्यांनी कळवलं, "परत बस. रडायचं तर आधी रडून घे, पेपरावर थेंब पडतो." प्रेमात तोंडघशी पडलेल्या कुणाला, "त्याची छत्री तुझ्याकडे राहिली असेल तर देऊन टाक." लोक हसून लोटपोट व्हायचे आणि पुन्हा विचारायला यायचे.

त्यांच्यात एक होती "रिकामी खोली". तिने स्वतःला घेतलेलं नाव होतं ते, खरं कुणाला ठाऊक नव्हतं; सगळे नुसतं खोली म्हणायचे. घर सोडून आली होती, कुठल्याशा शहरात भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती, तेवढंच कळलं होतं. सगळे "जेवलो, जेवलो" लिहायचे, तशी ही लिहायची, "आज नाही जेवले." आजोबांना तिचं कौतुक वाटायचं. "ही एकटी खरं बोलते," म्हणायचे. दुकानात बटणचं पाऊल पडलं की त्यांचा पहिला प्रश्न, "त्या खोलीतल्या पोरीचं काय?"

शाळेच्या दिवसांत व्हिडिओ काढायला उजेड पुरायचा नाही, म्हणून रविवारी सकाळी पाच-सहा आठवड्यांचे व्हिडिओ एका बैठकीत काढून ठेवायचे आणि मग दर शुक्रवारी एकेक सोडायचा, ही या पोरांची रीत. एकाच दिवशी काढलेत हे कळू नये म्हणून मधे कपडे बदलायचे. आजोबा यावर भयंकर वैतागायचे. "सकाळपासून हा चौथा शर्ट. मी काय बोहल्यावर चढतोय?" म्हणायचे, आणि कुरकुरत का होईना, फळीमागे वाकून शर्ट बदलायचे. निळा चौकड्यांचा, राखाडी, मधे आणखी दोन-तीन, शेवटी बदामी. बटण हसत हसत त्यांची कॉलर सारखी करायची.

अशाच एका रविवारनंतरच्या गुरुवारी सकाळी आजोबा दुकानाला निघताना चपला घालायला वाकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. बटण भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि खिशात फोन थरथरायला लागला. थांबेचना. तिने काढून पाहिलं. व्हिडिओ रविवारीच वेळ लावून ठेवलेला, तो आपल्या वेळेला आपण होऊन गेला होता. निळ्या चौकड्यांच्या शर्टातले आजोबा चष्म्यावरून बघत विचारत होते, जेवलात का. ज्या घरात कालपासून कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता, त्या घरातल्या फोनवर शेकडो माणसं सांगत होती, "जेवलो आजोबा."

तिचा अंगठा व्हिडिओ काढून टाकायच्या खुणेवर गेला आणि तिथेच राहिला. घरात आजोबा गेले होते. इथे नव्हते गेले. इथे लोक त्यांच्याशी बोलत होते, त्यांना चिडवत होते, नव्या चष्म्याची चौकशी करत होते. सगळ्या जगात एवढी एकच जागा उरली होती, आणि ती आपल्या हाताने बंद करायची तिची छाती झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी तिने राखाडी शर्ट सोडला. या वेळी तो आपण होऊन गेला नव्हता.

व्हिडिओ सोडला की कमेंट येणार, आणि कमेंट आल्या की उत्तर हवं. "आज नाही जेवले," खोलीने लिहिलं. बटणने टाइप केलं, "आजोबा म्हणतात, ऊठ आणि खा." एवढंच. हे तर ते म्हणालेच असते, असं तिने स्वतःला समजावलं. पण हात सैल सुटला की सुटतोच. दोन-तीन आठवड्यांत आजोबा असं काही लिहायला लागले की वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी यावं. खोलीला एकदा त्यांनी लिहिलं, "एकट्याने जेवणाऱ्याच्या ताटात आठवणी वाढलेल्या असतात, पोरी." त्याच्याखाली लाल बदामांचा नुसता पाऊस. कुणी त्या वाक्याचं चित्र करून, कोपऱ्यात फुलं घालून सगळीकडे पाठवलं. छत्री परत कर म्हणणाऱ्या माणसाचं मेल्यावर हे असं झालं!

आईच्या ते लक्षात आलं होतं. "सांगून टाक गं एकदाचं," ती म्हणाली.

"शुक्रवारी सांगते."

शुक्रवार आला की ती पुढच्या शुक्रवारवर ढकलायची. बाबा कामावर जायचे, यायचे, जेवून आडवे व्हायचे.

बदामी शर्टाचा व्हिडिओ तेवढा शिल्लक होता, तेव्हा खोलीने खासगीत लिहिलं. लांबलचक नव्हतं. "आजोबा, बारा महिने झाले घर सोडून. परत जावं की नाही कळत नाही. तुम्ही सांगाल ते करीन. पण लिहून नको. येत्या व्हिडिओत तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आता मात्र सांगायलाच हवं होतं. पण तुझे आजोबा महिन्याभरापूर्वीच गेले, आणि मी तुला बनवत होते, हे अशा पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने काही बरंवाईट केलं तर? त्यापेक्षा ती घरी गेली, आईवडिलांत गेली, तर सगळ्यांचंच भलं. असा हिशोब करून बटण रविवारी दुपारी जुने व्हिडिओ उघडून बसली. आजोबांचा आवाज पुष्कळ होता. "पोरी" ते तिलाच हाक मारताना म्हणाले होते. "घरी जा" म्हणाले होते ती शिंकत होती तेव्हा. "वाट बघत असतील" हे कुणाच्या तरी शाळेच्या दप्तराबद्दल होतं. तिने ते तुकडे कापले आणि एकापुढे एक लावले. मधली खरखर पुसली. मग ऐकून पाहिलं.

"पोरी. घरी जा. वाट बघत असतील."

मोरीच्या दारात बाबा उभे होते. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर साबण तसाच.

"हे अण्णा कधी म्हणाले?" त्यांनी विचारलं. ते आजोबांना अण्णा म्हणायचे.

बटणने आवाज बंद केला.

"मी विचारतोय काहीतरी."

"नाही म्हणाले." तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. बाबांनी मधे तोंड घातलं नाही. तिचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तिचा बाप कसा आहे, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"घरातून का निघाली ती?"

"तिने सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

बटणने मान हलवली. नव्हतं विचारलं. इतक्या आठवड्यांत, इतक्या सुंदर वाक्यांत, एकदाही नाही.

"अण्णांनी आधी ते विचारलं असतं," बाबा म्हणाले. "हे सांगायला तू त्यांचा आवाज वापरतेस? ज्या घरातून पोर पळाली, तिथेच तिला परत धाडायला?"

बटणच्या डोळ्यांतून धार लागली. बाबा तिच्याशेजारी टेकले. गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. समोर भिंतीकडे बघत ते म्हणाले, "तुला काय बोलू मी? परवा बसमधे एक बाई म्हणाल्या, तुम्ही त्या दुकानवाल्या आजोबांचे चिरंजीव ना, कसे आहेत? माझ्या तोंडून गेलं, बरे आहेत. पुढच्या थांब्यापर्यंत मला समोरचा रस्ता धड दिसत नव्हता."

मग बाबांनी उठून उरलेली दाढी केली, आणि बटण किल्ली घेऊन दुकानात गेली.

आजोबांच्या स्टुलावर ती बसली नाही. नेहमीसारखी फळीच्या कडेला उभी राहिली, पण हनुवटी टेकली नाही. रडू आलं तशी फोन बंद केला, आणि परत सुरू करताना तिच्या मनात आलं, मघाशी उजेड जास्त चांगला होता. त्या विचाराची तिची तिलाच किळस आली. ती घाईघाईने म्हणाली, "आजोबा गेले. महिना होऊन गेला. त्यानंतर तू बघितलेस ते व्हिडिओ आधी काढलेले होते. उत्तरं माझी होती. मी खोटं वागले." बदामी शर्टाचा व्हिडिओ तिने सोडलाच नाही. हाच सोडला.

मग जे व्हायचं ते झालं. काही हळहळले, पुष्कळ चिडले. "आमच्या भावनांशी खेळलीस," "मेलेल्या माणसावर लाइक मिळवलेस," असं बरंच काही. निम्म्याहून जास्त लोक निघून गेले. लाइकसाठी केलं नाही, असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. त्या छान छान वाक्यांखाली बदाम वाढत होते तेव्हा तिला बरं वाटलं होतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. पण तिचा जीव टांगणीला लागला तो वेगळ्याच गोष्टीने. खोलीकडून चकार शब्द आला नाही. बटणने तिला निरोपावर निरोप लिहिले, ते तिने उघडलेसुद्धा नाहीत. ती जेवत असेल का? असेल का?

आजोबांकडे लोकांच्या बॅगा राहिल्या होत्या. त्या ज्याच्या त्याला द्यायला शाळा सुटल्यावर बटण दुकान उघडून बसायची. अशाच एका दुपारी एक बाई आली आणि तिने फळीवर काळी बॅग ठेवली. तिशी ओलांडलेली, केस मानेवर घट्ट बांधलेले, गळ्यात कुठल्याशा कचेरीचं ओळखपत्र.

"चेन अडकते," ती म्हणाली.

"दुकान बंद आहे. आमचे आजोबा—"

"माहीत आहे." ती बाई भिंतीवरच्या पकडी एकेक करून बघत होती, ओळखीच्या असाव्यात तशा. "मी खोली."

बटणच्या डोक्यात खोली म्हणजे आपल्याएवढी पोरगी होती. इतके दिवस फोनवर जिला "तू" म्हटलं, तिला समोर बघून तोंडून निघालं, "तुम्ही बसा ना."

ती बसली नाही. "एकच विचारायला आलेय. त्यांचं शेवटचं खरं उत्तर कुठलं?"

बटणने फोन काढला. मागे मागे जात तिने तो बुधवार शोधला, आजोबा गेले त्याच्या आदल्या दिवसाचा, आणि वाचून दाखवलं, "आजोबा म्हणतात, जेवण गार झालं असेल तर गरम करत बसू नकोस, कंटाळा येतो आणि राहून जातं. तसंच खा."

"आणि ते ताटातल्या आठवणींचं?"

"माझं."

"वाटलंच." बाईने डोळे पुसले. आवाजात राग होता आणि तो तिने लपवला नाही. "ते वाचून मी खूप रडले. पण जेवले नाही. ते 'तसंच खा' म्हणाले, त्या दिवशी जेवले होते."

माफी मागायची म्हणून बटणने किती वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी सुंदर होती, आणि म्हणूनच एकही उपयोगाचं नव्हतं. बाईने बॅग तिथेच ठेवली आणि ती दाराकडे वळली.

"जेवलात का?" बटणच्या तोंडून गेलं. सवयीने गेलं, आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शब्द निघून गेला होता. मग ती थांबली.

बाई पाठमोरीच उभी होती. बाहेर कुणीतरी शेजारच्या दुकानाचं शटर ओढलं, ते खालपर्यंत आलं, कुलूप लागलं. तरी बटण बोलली नाही.

"नाही," बाई म्हणाली.

बटणने दप्तरातून आपला डबा काढून फळीवर ठेवला. "गार झालंय."

"चालेल."

बटणने आजोबांचं स्टूल फळीच्या अलीकडे ओढून दिलं. बाई बसली. दोघींनी त्या एका डब्यात हात घातला, आणि निम्मं संपल्यावर बटणने विचारलं, "घरून का निघालात?" या वेळी तिने फोन उलटा करून ठेवला होता.